साठ पावलं

“पाचवा पॉइंट सोडून द्यायचा,” शॉना मोबाइलवर वाचत म्हणाली. “लोकांनी लिहिलंय बघा इथं. खाली नुसतं गवत आहे, वेळ घालवू नका, सरळ सहाव्याला जा. पाचपैकी दोन तारे.”

दर रविवारी चर्चमधून परस्पर लेकीकडे जेवायला जायचं हा रूलन आणि नेड्रा या नवराबायकोचा सॉल्ट लेक सिटीतला जुना शिरस्ता होता. जेवण उरकत आलं होतं. बटाट्यांचं भांडं रिकामं झालं होतं आणि गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली कोणी हात न लावल्यामुळे टेबलाच्या मध्यभागी उगीच थरथरत होती. रूलन टॅनरच्या हातातला चमचा ताटाच्या काठाला टेकला, एवढंच झालं. लेकीला ते कळलंही नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला धक्का बसावा असं त्यात होतं तरी काय? नुसतं गवत. चोपन्न वर्षांत त्या जागेबद्दल त्यानं स्वतःशी पुष्कळ शब्द वापरून पाहिले होते, पण हा शब्द त्याला कधी सुचला नव्हता. त्याची समजूत होती की निदान देखावा तरी आहे. जे गेलं ते गेलं, पण त्याच्या बदल्यात लोक गाडी थांबवतात, कठड्याशी उभे राहतात, समोरच्या लाल भिंतीकडे बघून घटकाभर गप्प होतात. आणि लोक तर गाडीची काचसुद्धा खाली न करता पुढं जात होते.

नेड्रा समोर बसली होती. नाकात नळी, पायाशी चाकांच्या पिशवीत ऑक्सिजनचं नळकांडं. तिच्या हृदयानं गेल्या वर्षभरात हळूहळू अंग काढून घेतलं होतं. डॉक्टरांनी सहलीला परवानगी दिली ती मोजून मापून: दिवसातून चारदा गाडीतून उतरायचं, पाचव्यांदा नाही, आणि हे याच उन्हाळ्यात, पुढच्या उन्हाळ्याचं आपण आत्ता बोलायला नको. त्या पार्कात गाडीरस्त्यावर एकूण नऊ पॉइंट होते. नवांतले चार निवडायचे, एवढ्यासाठीच शॉनानं मोबाइल उघडला होता.

“मला पाचव्याला थांबायचंय,” नेड्रा म्हणाली. “बाकीचे तीन तुम्ही काय ते ठरवा.”

“आई, चारच वेळा उतरायचंय. त्यातला एक गवतासाठी?”

“माझं माहेर आहे ते. गवत उगवलं म्हणून माहेर जात नाही कुठं.”

“थांबा, मी आखून देतो,” रूलन घाईनं म्हणाला. “कुठं किती वाजता ऊन असतं, कुठं पायऱ्या आहेत, हे त्या लोकांना काय माहीत.”

“द्या बाई, बाबांनाच द्या,” शॉना हसून म्हणाली. “जन्मभर तेच केलंय त्यांनी. आता आपल्याला स्वच्छतागृहाची वेळसुद्धा कागदावर लिहून मिळणार.”

ती थट्टा होती आणि खरीही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातल्या टेबलावर जुना नकाशा पसरून, चारी कोपऱ्यांवर जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवून तो बसला, तेव्हा पेन्सिलीला टोक करतानाच त्याला ठाऊक होतं की आपण पॉइंट निवडत नाही आहोत, एक पॉइंट वगळायला कारणं शोधत आहोत. पाचव्याला गाडी लावायची जागा उतरती आहे. तिथं वारा फार. तिथं सकाळी दहाच्या आत पोहोचलं तर ऊन थेट डोळ्यांवर येतं. मग त्यानं असा बेत आखायला घेतला की पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या पॉइंटवर रेंगाळता रेंगाळता पाचव्यापर्यंत दुपारचे बारा वाजावेत, नेड्रा दमलेली असावी आणि तिनंच म्हणावं, राहू दे. रस्ते आणि थांबे आखण्याची विद्या त्यानं आजवर अनोळखी माणसांच्या सोयीसाठी वापरली होती. घरच्या माणसाला फसवायला ती इतकी कामाला येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्याचे वडील वरच्या गावात पाटकरी होते. त्या कोरड्या मुलखात नदीच्या पाण्याची पाळी घड्याळावर चाले, आणि कुणाच्या शेताकडे जाणाऱ्या पाटाचं दार किती वाजता उघडायचं आणि किती वाजता पाडायचं हे त्यांच्या हातात होतं. एका उन्हाळ्यात स्वतःच्या मक्याच्या शेवटच्या चार ओळी भिजायच्या राहिल्या असताना त्यांनी घड्याळ बघून दार पाडलं आणि त्या चार ओळी करपताना बघत राहिले. आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. ते एवढंच म्हणाले की आपल्या शेतावर एक मिनिट जास्त सोडलं की मग दुसऱ्याच्या शेतावरचं मिनिट मोजायचं तोंड राहत नाही. गावात याचं फार कौतुक होतं. रूलनलाही होतं. बापाचं घड्याळ मुलाच्या मनगटावर येतं तसा तो गुण त्याच्याकडे आला, आणि चौसष्ट साली पार्कच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला तेव्हा तो चोवीस वर्षांचा, सुतासारखा सरळ आणि त्या सरळपणाबद्दल मनातून थोडा फुशारलेला असा पोरगा होता.

पूर्वेकडून आलेले कॅल्वर्टसाहेब त्याचे वरिष्ठ. त्यांनी त्याला पंखा काढायला शिकवला. नकाशावर पॉइंटच्या जागी टाचणी टोचायची, तिथून माणसाची नजर डावीकडे कुठवर जाते आणि उजवीकडे कुठवर जाते त्या दोन रेघा मारायच्या. मधला भाग हातपंख्यासारखा उघडतो. पंख्याच्या आत जे जे माणसानं बांधलेलं असेल ते काढायचं. तारा, खांब, कोठारं, घरं. झाडं राहिली तर चालतील. “येणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं त्याच्याआधी कोणी आलंच नव्हतं,” साहेब म्हणत, आणि रूलनला ते वाक्य त्या वेळी सुंदर वाटलं होतं. खाली नदीच्या वळणावर एलिम नावाची नऊ घरांची वस्ती होती, आजोबा-पणजोबांनी बैलगाड्यांतून येऊन वसवलेली, जर्दाळूच्या आणि चेरीच्या बागांत बुडालेली. आठ घरं सरकारनं आधीच विकत घेतली होती, माणसं निघूनही गेली होती. नववं राहिलं होतं ते हायरम लिस्टन यांचं. पाचव्या पॉइंटवरून टाचणी टोचली की त्यांचं पत्र्याचं छप्पर पंख्याच्या बरोबर मध्ये चमकायचं.

आणि हायरम लिस्टन यांची मुलगी नेड्रा.

ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. शनिवारी दुपारी पॉइंटवर यायची, पावाच्या कापांत थंड मांस घालून आणायची, आणि त्याची मोजणीची काठी धरून उभी राहायची. दुर्बिणीतून तो काठीवरचा आकडा वाचायचा आणि मग काठी सोडून तिचंच तोंड बघत बसायचा, ती तिकडून ओरडायची, “आकडा माझ्या नाकावर लिहिलाय का?” त्या दिवसांतल्या वासासकट त्याला सगळं आठवत होतं, तापलेल्या खडकाचा वास, तिच्या बाहीला लागलेल्या जर्दाळूच्या चिकाचा. आणि हेही आठवत होतं की एका शनिवारी, ती गेल्यावर, तो उत्तरेला साठ पावलं चालत गेला होता. साठाव्या पावलावर खडकाचा एक लाल खांदा पुढं येत होता आणि त्याच्याआड लिस्टन यांचं घर छपरासकट नाहीसं होत होतं. भिंत तीच, नदी तीच, बागा त्याच. फक्त घर नाही. पॉइंट इथं आला तर घराला कोणी हात लावण्याचं कारण नव्हतं. त्यानं पातळ कागदावर तो दुसरा पंखाही काढला, हलक्या पेन्सिलीनं, आणि खणात ठेवून दिला.

पण तो पुढं करायचा कसा? आपल्या होणाऱ्या सासऱ्याच्या घरासाठी पॉइंट सरकवला असं उद्या कोणी म्हटलं तर तोंड कुठं लपवायचं? एक वाट होती. घरमालकानं नुसती तोंडी विनंती केली तरी ती कागदावर घेऊन पॉइंट शंभर पावलांपर्यंत हलवायची कचेरीत मुभा होती. हायरम यांनी एकदा तोंडातून शब्द काढावा, रूलन, बघ बाबा, थोडं इकडं तिकडं होतंय का, एवढंच म्हणावं, की काम झालं. मग तो आपल्या शेतावर मिनिट जास्त सोडत नव्हता. ज्याची पाळी त्याला देत होता. तीन आठवडे त्यानं वाट बघितली. तिन्ही रविवारी त्यांच्या घरी जेवला. हायरम डोळे मिटून अन्नासाठी देवाचे आभार मानायचे, त्याच्यापुढं पाव सरकवायचे, हवेबद्दल बोलायचे, किडीबद्दल बोलायचे. तिसऱ्या रविवारी तर तेवढंही बोलले नाहीत. निघताना मात्र नेहमीसारखी जर्दाळूची पेटी त्याच्या गाडीत ठेवली. माणूस मानी आहे, रूलनच्या मनात आलं, याचना करणार नाही. आणि सोमवारी त्यानं पहिलाच पंखा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

घर फेब्रुवारीत पाडलं, एका सकाळी. झाडं ठेवली. लग्न त्या आधीच्या शरदात झालं होतं, आणि त्यांच्या पंथात लग्नं लागतात त्या मंदिराच्या पायऱ्यांवर हायरम यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, “तू नियमानं वागलास. माझ्या मनात काही नाही.” केवढा मोठा माणूस, असं तेव्हा रूलनला वाटलं. हा मोठा माणूस पुढं सहा वर्षं गावात पेट्रोल पंपामागच्या दोन खोल्यांत राहिला आणि तिथंच गेला. रूलननं पार्क सोडून शहरात रस्तेखात्यात नोकरी धरली, मुलं झाली, घर झालं, आणि तो पातळ कागद एका पुठ्ठ्याच्या नळीत घालून घर बदलेल तिथं नेला. फाडला नाही, कोणाला दाखवला नाही. नेड्रानं या विषयावर कधी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. तिची समजूत होती की सगळं कचेरीनं ठरवलं, साहेबांनी ठरवलं, आपला नवरा नुसता रेघा मारायचा. निदान त्याची समजूत होती की तिची ही समजूत आहे. आता ती त्या कठड्यापाशी जाऊन उभी राहणार होती. तिची नजर अजून गिधाडाची होती. डावीकडे मान वळवली की तिला तो खांदा दिसणार, आणि ज्या बाईनं तिथं काठी धरून उन्हाळा काढला तिला उरलेला हिशेब करायला किती वेळ लागतो? चोपन्न वर्षं एका ताटात जेवलेलं माणूस, आणि शेवटच्या उन्हाळ्यात तिनं आपल्याकडे परक्यासारखं बघायचं. त्याला दुसऱ्या कशाचंच भय उरलं नव्हतं, मरणाचंही नाही, तिच्या किंवा स्वतःच्या. फक्त त्या एका बघण्याचं होतं.

“बारा वाजता पाचव्याला?” त्याचा कागद वाचून नेड्रा म्हणाली. “आधी तेच घे. सगळ्यात आधी.”

“ऊन डोळ्यांवर येईल, नेड्रा. तिथलं ऊन...”

“तिथल्या उन्हाचं तू मला सांगतोस? मी एकवीस वर्षं काढली त्यात. तुझी दुर्बीण तिथं आली कधी आणि गेली कधी.”

त्यानं खोडरबर घेतलं आणि पाचवा पहिल्या ओळीत आणला. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी ते निघाले. आदल्या दिवशी बिशपनं घरी येऊन तिच्या माथ्यावर तेलाचं बोट लावून, हात ठेवून आशीर्वाद दिला होता. नेड्रानं डोळे उघडल्यावर त्याला विचारलं की आशीर्वाद चार पॉइंटपुरताच आहे की नऊंना चालेल. गाडीत ती पुढं बसली, शॉनाशेजारी. रूलन मागं, मांडीवर घडीची खुर्ची. रस्ता चढू लागला, दोन्ही अंगांना लाल कडे उभे राहिले, आणि त्याला आपण आखलेलं प्रत्येक वळण ढुंगणाखाली ओळखू येऊ लागलं. इथं उतार जरा जास्त ठेवला होता. इथं एक देवदार वाचवायला रस्ता हातभर आत घेतला होता. झाडासाठी रस्ता वळला होता आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. हे त्याच्या मनात आजवर कसं आलं नव्हतं, कोण जाणे.

पाचव्याला एकही गाडी नव्हती. कठड्याचा चुना निघाला होता. शॉनानं खुर्ची मांडली, आईला बसवलं, नळकांड्याचा काटा बघितला आणि म्हणाली, “खाली बागेत लोक जर्दाळू तोडताहेत बघ. स्वतः तोडून आणायचे म्हणे. मी गाडीनं जाऊन घेऊन येते, अर्ध्या तासात. बाबा, तिला उठू देऊ नका.”

गाडी वळणाआड गेली. मग फक्त वारा आणि नळीतून येणारी बारीक शीळ. खाली नदी तशीच वळत होती. बागांचा हिरवा पट्टा, त्यामागं भिंत, वरपर्यंत लाल, आणि मध्ये जिथं छप्पर चमकायचं तिथं एक चौकोन. खरंच, गवतच होतं. वाळायला लागलेलं, साधं गवत. त्या चौकोनाच्या कडेला एक म्हातारं जर्दाळूचं झाड होतं, अर्धं वठलेलं, अर्धं फळांनी वाकलेलं.

“स्वयंपाकघराच्या खिडकीतलं,” नेड्रा म्हणाली. “आईनं लावलेलं.”

“हो.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मान डावीकडे वळवली. रूलननं कठडा धरला. तिची नजर रस्त्याच्या कडेनं सावकाश सरकत गेली आणि लाल खांद्यापाशी थांबली.

“साठ पावलं,” ती म्हणाली. “मी मोजली होती. त्याच उन्हाळ्यात. तू कचेरीत होतास.”

त्यानं कठडा सोडला आणि तो तिच्या खुर्चीपाशी आला.

“मला तुला एक सांगायचंय, शॉना यायच्या आत. मध्ये बोलू नकोस, मला दम पुरत नाही. बाबांनी मला सांगितलं होतं, त्या जूनमध्ये. मी भांडी विसळत होते. म्हणाले, तुझ्या माणसाला विचार, पॉइंट जरा खडकाआड सरकतो का. म्हटलं, तुम्हीच विचारा ना. तर म्हणाले, मी विचारलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही, पोराला नोकरी टिकवायचीय. तू विचार, तुला तो खरं सांगेल.” ती थांबली. दोन श्वास घेतले. “मी हो म्हटलं. आणि विचारलं नाही.”

“नेड्रा...”

“बोलू नकोस म्हटलं ना. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, नाही जमत म्हणाला, नियम आहे. तुझ्या नावावर खोटं बोलले मी. तिसऱ्या रविवारी तू समोर बसून पाव खात होतास आणि बाबा तुझ्याकडे बघत नव्हते.”

मंदिराच्या पायऱ्या. दोन्ही हातांत धरलेला त्याचा हात. तू नियमानं वागलास. म्हणजे म्हाताऱ्यानं विचारलं होतं. विचारून, नकार ऐकून, तो नकार पोटात घालून, वर पेटी गाडीत ठेवली होती आणि मुलगी दिली होती. आणि आपण त्याला मानी समजून बसलो. रूलनला वाटलं, खाली बसावं, इथंच, डांबरावर. पण शॉनानं सांगितलं होतं, तिला उठू देऊ नका, म्हणून तो उभा राहिला.

“का विचारलं नाहीस?” त्यानं विचारलं.

“मला तिथून सुटायचं होतं. घर राहिलं असतं तर बाबांनी ते आपल्याला दिलं असतं, आणि तू घेतलं असतंस, मला ठाऊक होतं तुझं. मग जन्मभर ते गढूळ पाणी बादलीत निवळत ठेवायचं, हिवाळ्यात गोठलेल्या हातपंपावर गरम पाणी ओतायचं. मला नळ हवा होता, रूलन. सोडला की गरम पाणी येईल असा नळ. त्या नळासाठी मी बापाचं छप्पर घालवलं.” तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं; रडायला लागेल एवढी हवा तिच्यापाशी नव्हती. “एवढी वर्षं तुला सांगणार सांगणार म्हणत राहिले. आता एकच विचारते. खरं सांग, तू कधी खोटं बोललेला नाहीस. मी विचारलं असतं तर सरकवला असतास?”

त्याच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याची नळी आली, तळघरात, पाण्याच्या टाकीमागं उभी केलेली. आत हलक्या पेन्सिलीनं काढलेला पंखा. एका शब्दाची वाट बघत काढलेले एकवीस दिवस. नेड्रा मान वर करून त्याच्याकडे बघत होती. ज्या बघण्याला तो इतकं भ्याला होता ते हे नव्हतंच. हे न्यायनिवाड्याला उभ्या असलेल्या माणसाचं बघणं होतं. तिच्या अंगावर पातळ झगा, गळ्याशी उडणारी शीर, आणि पुढं किती आठवडे, किती दिवस. बापानं घड्याळ बघून दार पाडलं होतं. मक्याच्या चार ओळी उन्हात उभ्या होत्या.

“नाही,” रूलन म्हणाला. “नसता सरकवला. नियम होता.”

“नक्की?”

“तू विचारलं असतंस, बाबांनी विचारलं असतं, कोणीही विचारलं असतं. तिथून देखावाच नीट दिसत नव्हता. मी बघून आलो होतो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचे खांदे खाली आले, अगदी सावकाश. तिनं मान मागं टेकली. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “कधीकधी वाटायचं. पण खात्री नव्हती.” तिनं त्याचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर ओढून घेतला. तो तसाच वाकून उभा राहिला, कंबरेत कळ येईपर्यंत, आणि कळ आल्यावरही.

एक गाडी आली, वेग कमी झाला, आत कोणीतरी काचेतून खाली बघितलं, आणि गाडी पुढं निघून गेली. थोड्या वेळानं शॉना आली. कागदी पिशवी फाटेल इतके जर्दाळू तिनं आणले होते. “त्या म्हाताऱ्या झाडाचे आहेत,” ती म्हणाली, “तिथं कोणी जातच नव्हतं तोडायला.” नेड्रानं एक घेतला, नखानं उकलला, बी काढून टाकली आणि चोखत बसली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हता असा मोकळेपणा आला होता, आणि लेकीनं तो लगेच टिपला.

“काय ग, काय बोलत होता दोघं?”

“तुझ्या बाबांची कीर्ती सांगत होते,” नेड्रा म्हणाली. “बाई, फार कडक माणूस. सख्ख्या सासऱ्यासाठीसुद्धा साठ पावलं सरकला नसता. विचार त्याला.”

“खरंच, बाबा?”

“खरंच,” रूलन म्हणाला, आणि पिशवीतून एक जर्दाळू घेतला.